तांबूची गाठ

त्या दिवसांत मी देवापुढे बसत असे खरी, पण मन एका जागी ठरत नसे. दिवा लावायचा, हात जोडायचे आणि डोळे मिटल्याबरोबर उठून ओसरीवर जायचं. तिथे आमची कुत्री तांबू पोत्यावर पडलेली असे. तिच्या पोटाखाली हात घालायचा, गाठ चाचपायची, कालच्याएवढीच आहे की वाढली ते ठरवायचं, आणि ठरत नाही म्हणून पुन्हा चाचपायची. मग हात धुऊन परत देवापुढे. तोवर वाऱ्याने दिवा गेलेला असे. आज इतक्या वर्षांनी हे लिहायला बसले आहे ते कुणाला चमत्कार सांगावा म्हणून नव्हे. जे घडलं ते घडलं तसं सांगते. त्याला काय म्हणायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची ही गोष्ट. माझे यजमान तिथे बांधकामावर गवंडी होते. ते साताऱ्याकडचे, मी कोकणातली. चिंचवड गावात नदीच्या अंगाला आम्ही एक खोली भाड्यानं घेतली होती. घरमालकीण विधवा, वयानं माझ्या आईएवढी. तिला सगळं गाव आक्का म्हणे, मीही आक्काच म्हणू लागले. यजमान सकाळी सायकलवरून जात ते दिवेलागणीला सिमेंटनं पांढरे होऊन येत. गावात मला कुणी ओळखत नव्हतं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी धुणं घेऊन पवनेवर निघाले, तर एक तांबूस कुत्री, एक कान दुमडलेला, माझ्यामागून चालत आली. मी धुणं धुवेपर्यंत घाटावर बसून राहिली आणि परत माझ्यामागून येऊन ओसरीवर पडली. ती तिथलीच झाली. पुढे माझं एक बाळ पोटातच गेलं. पंधरा दिवस मी अंथरुणात होते. त्या पंधरा दिवसांत ती उंबऱ्यापासून हलली नाही. आक्का म्हणायची, "भाकर टाकली तरी तोंड लावीना गं. आदी तुझ्याकडं बघायची, मग भाकरीकडं." त्यानंतर ती माझी कोण झाली हे मला शब्दांत सांगता येणार नाही, आणि सांगायची गरजही नाही. ज्यानं जनावर जीव लावून पाळलं आहे त्याला ते ठाऊक असतं.

कार्तिक संपत आला होता. सकाळी उन्हात बसून मी तिच्या अंगावरच्या गोचिड्या काढत होते. मागच्या सडाच्या शेजारी बोटांना काहीतरी कठीण लागलं. आधी वाटलं गोचिडीच असेल. केस बाजूला करून पाहिलं तर कातडीखाली सुपारीएवढी गाठ. दाबली तरी तांबूनं हूं की चूं केलं नाही, उलट माझा हात चाटला. दुखत नव्हती. आणि दुखत नाही हे कळलं तशी मी जास्तच घाबरले.

का घाबरले, हे त्या वेळी मी कुणालाच सांगितलं नाही. माझ्या आईची गाठही दुखत नव्हती. मी तेरा वर्षांची असताना एकदा न्हाणीघरात आईनं माझा हात धरून आपल्या उरावर ठेवला आणि विचारलं, "तुला काही लागतंय का?" मला लागलं. चिंचोक्याएवढं. "कुणाला सांगू नको," आई म्हणाली, "तुझ्या वडिलांना तर मुळीच नको." मी सांगितलं नाही. सबंध पावसाळा गेला, दिवाळी गेली, मी सांगितलं नाही. शेवटी तिला हात वर करता येईना तेव्हा सगळ्यांना कळलं. मग कुणी एक वैदू आला, त्यानं सळई तापवून डाग दिले. तो वास मी आजही विसरलेली नाही. शिमग्याच्या आत आई गेली. मी गप्प राहिले म्हणून आई गेली, असं माझ्या मनानं तेव्हाच ठरवून टाकलं होतं, आणि ते मी मोठी झाले, लग्न झालं, तरी तसंच आत बसून होतं.

म्हणून तांबूच्या गाठीचं मी गप्प राहू शकले नाही. उलटच झालं. ज्याला त्याला सांगत सुटले. आक्काला सांगितलं, पाण्याला येणाऱ्या बायकांना सांगितलं, देवळाबाहेरच्या फुलवालीला सांगितलं. रात्री यजमान जेवायला बसले की माझं सुरू. "अहो, आज जरा मोठी लागतेय." ते घास तोंडाशी थांबवून म्हणत, "काल पण मोठी होती, परवा पण. अशानं आतापावेतो नारळाएवढी झाली असती." मी दोऱ्यानं मोजून बघितली. सकाळी एक माप यायचं, दुपारी दुसरं. तांबूला याचं काहीच नव्हतं. ती आपली कोंबड्यांमागे धावायची, उन्हात पसरायची. मी मात्र घर झाडलेलं पुन्हा झाडायची, नदीवर गेले की धुणं अर्धं टाकून परत यायची. भात करपायचा. आणखी एक गोष्ट झाली, ती लिहायला आजही संकोच वाटतो. अंघोळीच्या वेळी मी स्वतःच्या अंगाला हात लावायला घाबरू लागले. लुगड्यावरूनच पाणी ओतून घ्यायची. काही लागलं तर? या भीतीनं मी स्वतःपासूनच तोंड लपवून होते.

यजमान मला सारखं टोचत असले तरी माणूस मायाळू. एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी सायकल हातात धरून, मागच्या फळीवर तांबूला पोत्यात बांधून, खडकीच्या बाजूला ढोरांचा डॉक्टर बसतो तिथवर नेलं. मी बाजूनं चालत होते. डॉक्टर नव्हते. बुळकांडीची साथ होती, ते बैलांना टोचायला गावोगाव फिरत होते; कधी येतील ते तिथल्या माणसाला सांगता येईना. तो म्हणाला, "इथं बैल मरायला लागलेत बाई, कुत्र्याचं काय घेऊन बसलात." त्याचं खोटं नव्हतं. त्याच्या आवारात चार शेतकरी डोक्याला हात लावून बसले होते. मला लाज वाटली, पण भीती लाजेहून मोठी होती.

मग आक्कानं आपल्या परीनं उपाय शोधला. तिचा भाऊ आबा, बैलगाडी चालवायचा, जनावरांचं त्याला थोडंफार कळे. एका सकाळी मी पाणी घेऊन आले तर ओसरीपुढं शेणी पेटलेल्या, त्यांत विळ्याचं टोक लाल झालेलं, आणि आबा तांबूचे पाय बांधत होता. आक्का म्हणाली, "भिऊ नगस. एक चटका दिला की गाठ जागच्या जागी जिरती. आमच्या बैलाची जिरली व्हती." माझ्या हातातली घागर कधी सुटली ते मला कळलं नाही. मी आबाला ढकललं. परक्या पुरुषाला, त्याच्या बहिणीच्या अंगणात. "डाग नाही द्यायचा! माझ्या तांबूला डाग नाही द्यायचा!" असं काहीबाही ओरडत तिच्या पायांचा दोर दातांनी सोडवला. आबा विळा तसाच टाकून बाजूला झाला. आक्का बघत राहिली. मी तांबूला छातीशी धरून खोलीत गेले आणि कडी लावली.

संध्याकाळी आक्कानं दार वाजवलं. मला वाटलं आता खोली सोडायला सांगणार. तिच्या हातात ताटलीत पिठलं-भाकरी होती. ती आत येऊन बसली, ताटली माझ्यापुढं सरकवली आणि म्हणाली, "तुला काय झालंय ते मी इचारत न्हाई. पर एक सांगू? कुत्रं खंडोबाचं. त्याच्या पायापाशी बसतंय ते. त्याचं त्याला सांग की. माज्या माहेराजवळ निमगावचा डोंगर हाय. आबा शनिवारी चाकणच्या बाजाराला गाडी घेऊन जातोय. रातच्याला माहेरी ऱ्हाऊ, ऐतवारी देवाला जाऊ."

खंडोबा माझ्या सासरचं कुलदैवत. यजमानांना विचारलं तर म्हणाले, "कुत्रीसाठी नवस? लोक हसतील." मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हसू देत. जाऊन ये. पण मला सुट्टी नाही." मी देव्हाऱ्यातल्या खंडोबाच्या टाकापुढं दिवा लावला आणि बोलले: देवा, हिला तुझ्या पायरीवर आणते, ही गाठ घालव. शब्द नवसाचे होते, पण खरं सांगायचं तर मनात धाकच होता, जणू मी देवाचा गळा धरून म्हणत होते की या वेळी तरी माझं ऐक.

शनिवारी उजाडायच्या आत निघालो. आबा पुढे, मी, आक्का आणि तांबू मागे गवतावर. आबा माझ्याशी बोलत नव्हता, मीही त्याच्याशी नाही. त्याची चूक नव्हती हे मला कळत होतं, पण तोंडातून शब्द निघेना. मोशीला इंद्रायणीच्या पुलावरून गाडी गेली तेव्हा ऊन वर आलं होतं. दोन्ही बाजूंना कांद्याची रोपं, पाट वाहत होते. आक्का सगळीकडे बोट दाखवून कुणाची शेतं, कुणाच्या विहिरी ते सांगत होती. मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. माझा हात तांबूवर पांघरलेल्या पोत्याखाली होता. गेल्या दोन दिवसांत तांबू ती जागा सारखी चाटत होती, आणि आज गाठीवरची कातडी लाल, पातळ, चकचकीत लागत होती. गाडीच्या एका मोठ्या धक्क्यानंतर हात ओला झाला. बाहेर काढून पाहिला तर बोटांना रक्त.

"आक्का," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

आबानं मागे वळून पाहिलं, आणि नेमकं त्याच वेळी डावा बैल लंगडला. त्याचा नाल निघून पडला होता. आबानं उतरून खूर पाहिला आणि कपाळाला हात लावला. "हितं कुठं आता! चाकण अजून मैलभर ऱ्हायलं." बैलाला त्या खडीच्या रस्त्यावर तसं चालवणं बरं नव्हतं. मी मनात म्हटलं, झालं, हीसुद्धा माझ्याच नशिबाची रीत. मग आबालाच आठवलं, पुढच्या वळणावर एका नालबंदाचं खोपट आहे. नालबंद म्हणजे बैलांना, घोड्यांना नाल ठोकणारा. बैलाला सांभाळत, गाडी हळूहळू ओढत, आम्ही तिथं गेलो.

निंबाच्या सावलीत एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पांढरी दाढी, डोक्याला मळकी टोपी, पण पायांत पलटणीतले जाड बूट. आबा त्यांना ओळखत होता. "रसूलचाचा, तुमी कसं काय? सुलेमान कुठाय?" सुलेमान त्यांचा मुलगा, दुकान त्याचं. तो लग्नाला जुन्नरला गेला होता. चाचा म्हणाले, "दोन वर्षांत आज पयल्यांदा बसलोय मी दुकानावर. हातोडा उचलंल का न्हाई ठाऊक न्हाई, बघू." त्यांनी बैलाचा खूर हातात घेतला, पण नजर माझ्याकडे गेली. माझ्या लुगड्याच्या पदराला रक्त लागलेलं होतं.

"बेटी, कुणाला लागलं?"

मी पोतं बाजूला केलं. त्यांनी बैलाचा पाय सोडला, आबाला म्हणाले, "थांब जरा, तुझा बैल मरत न्हाई," आणि रांजणाच्या पाण्यानं कोपरापर्यंत हात धुतले. साबण लावून, नखं घासून. असं हात धुताना मी त्याआधी कुणाला पाहिलं नव्हतं. मग तांबूच्या तोंडाजवळ बसून आधी तिला आपला हात हुंगू दिला, कानामागे खाजवलं, आणि तिच्याशी काहीतरी बोलत बोलत गाठ दोन बोटांत धरून इकडे हलवली, तिकडे हलवली. मी रोज पन्नासदा धरत होते, पण असं हलवून कधी पाहिलं नव्हतं.

"हलतीय," ते म्हणाले. "खाली चिकटलेली न्हाई. बाकीच्या सडांना काय न्हाई. वरनं कातडं फाटलंय. कापून काढावी लागंल, आणि आजच. उद्या माश्या बसतील, आळ्या पडतील."

तेव्हा कळलं की चाचा तीस वर्षं पलटणीच्या घोड्यांच्या इस्पितळात होते. गोऱ्या साहेबांच्या हाताखाली जखमा धुणं, टाके घालणं, पुढंपुढं कापाकापीही. लोक त्यांना सालोत्री, म्हणजे घोड्यांचे वैद्य, म्हणत. खेडचे जनावरांचे डॉक्टर एरवी बाजाराच्या दिवशी चाकणला येत (या साथीत तेही गावोगाव फिरत होते), अडल्या वेळी चाचांना सोबत घेत, आणि सुन्न करायच्या औषधाची एखादी बाटली त्यांच्याकडे ठेवून जात. खोपटामागच्या घरात पेटीत हत्यारं होती. मला हे सगळं ऐकू येत होतं आणि येतही नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "पण मी देवाला निघालेय. नवस बोललेय. आधी तिला पायरीवर नेते, मग तुम्ही म्हणाल ते."

आक्का लगेच म्हणाली, "व्हय चाचा, देवाला शब्द दिलाय. आदी देव."

चाचांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागावले नाहीत. "देव वाट बघंल," ते म्हणाले. "जखम बघणार न्हाई."

त्या निंबाखाली मी उभी होते आणि माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगता आलं तर सांगते. एकीकडे बोललेला शब्द मोडायची भीती. दुसरीकडे कापायची भीती. तिसरीकडे, हा माणूस कोण, याच्या हाती माझा जीव कसा देऊ. इतके दिवस मी देवाकडे मागत होते की काहीतरी कर, आणि आता काहीतरी होत होतं, तर ते मला हवं तसं होत नव्हतं. मला डोंगर हवा होता, पायऱ्या हव्या होत्या, भंडारा उधळून गाठ विरघळायला हवी होती. इथं होतं एक खोपट, एक रांजण आणि पिकल्या दाढीचे एक परके गृहस्थ. तांबूनं मात्र ठरवून टाकलं होतं. ती त्यांच्या बुटावर हनुवटी टेकून पडली होती. ओसरीवर कुणी परका आला की भुंकून घर डोक्यावर घेणारी ती. मी तिच्याकडे पाहत राहिले. मग म्हटलं, "चाचा, करा."

घरामागच्या पडवीत फळी मांडली. चाचींनी पाणी उकळायला ठेवलं, त्यात हत्यारं टाकली. आबानं न सांगता मागचे पाय धरले; त्याच्या हातात दोर नव्हता, नुसते तळहात, आणि तो तांबूला "बस, बस, माझी बाय," म्हणत होता. मी डोक्याशी. चाचांनी फडक्यानं तिचं तोंड अलगद बांधलं. आक्का घाईनं पुढे आली, कनवटीची भंडाऱ्याची पुडी सोडली. "चाचा, कपाळाला लावू का जरा?"

"लाव की," चाचा म्हणाले. "फक्त जखमेपासनं लांब." तिनं बोट टेकवलं, "येळकोट येळकोट" पुटपुटली. चाचांनी डोळे मिटून बिस्मिल्ला म्हटलं आणि सुई टोचली.

पुढचा वेळ किती होता मला माहीत नाही. चाचा कधी "कापूस" म्हणत, कधी "धर". मी पाहत नव्हते, मी तांबूच्या डोळ्यांत पाहत होते. ती माझ्याकडे पाहत होती. तिला काही कळत नव्हतं, मी तिथं आहे एवढंच तिला पुरेसं होतं. माझ्या मनात एकाएकी आलं की मी असं कुणाकडे कधी पाहिलंच नाही. देवाकडेसुद्धा नाही. मी देवाकडे पाहायची ते त्याच्यावर डोळा ठेवल्यासारखी, तो काही चुकवतो आहे का म्हणून. आणि तेवढ्यात माझ्या तोंडून, मला न कळता, मोठ्यानं निघालं, "आईचीपण अशीच होती."

चाचांचा हात थांबला नाही. चाची मात्र माझ्या पाठीशी येऊन उभ्या राहिल्या.

गाठ निघाली. लिंबाएवढी, पिवळसर. चाचांनी रक्त थांबवलं, रेशमाच्या दोऱ्यानं टाके घातले, पांढरी पूड दाबली, पट्टी गुंडाळली. मग गाठ बशीत ठेवून मधोमध चिरून, पाण्यानं धुऊन पाहिली. मी विचारलं, "बरी होईल ना ती? पुन्हा येणार नाही ना?" एवढं एकच वाक्य मला ऐकायचं होतं. त्यासाठी मी काहीही दिलं असतं.

चाचा हात धूत होते. "जेवढी दिसली तेवढी सगळी काढली," ते म्हणाले. "पुन्हा येईल का न्हाई ते मला ठाऊक न्हाई, बेटी. ठाऊक हाय म्हणालो तर खोटं हुईल."

"मग मी काय करू?"

"जखम कोरडी ठेव. गळ्यात टोपलं अडकव, चाटायला नको. आणि सकाळी एकदा बघ. एकदाच. बाकीचा दिवस तिचा तिला दे."

गाडी दुपारनंतरच निघणार होती. चाचींनी मला आत चुलीपाशी बसवलं, गूळ घातलेला चहा दिला, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई कशी गेली?" मी सगळं सांगितलं. न्हाणीघर, चिंचोका, गप्प राहिलेला पावसाळा, तापलेली सळई. यजमानांनाही न सांगितलेलं मी एका अनोळखी बाईला चुलीपाशी सांगत होते आणि रडत नव्हते, याचंच मला नवल वाटत होतं. चाचींनी ऐकून घेतलं. भाकरी तव्यावर उलटली. मग म्हणाल्या, "तेरा वर्षांची पोर तू. आईनं सांगितलं, गप ऱ्हा. तू आईचं ऐकलंस. लेकरू दुसरं काय करणार?" तेव्हा मात्र मला रडू फुटलं. त्यांनी भाकरी उतरवली आणि म्हणाल्या, "तुझं तूही बघ एकदा. न बघता भिऊ नको." परत आल्यावर अंघोळीच्या वेळी मी ते केलं. काही नव्हतं.

त्या दिवशी निमगावला गेलो नाही. चाचांनी बैलाला नाल ठोकून दिल्यावर आबानं बाजार सोडला आणि आम्हांला सावकाश चिंचवडला परत आणलं. तांबू हलू नये म्हणून खड्डा आला की उतरून बैलांना हातानं धरून नेत होता. भोसरीच्या पुढं आल्यावर मी म्हटलं, "आबा, त्या दिवशी मी तुम्हांला ढकललं." तो म्हणाला, "ढकललंस ते बेस झालं. न्हाईतर आज कुठं कापली असती!" आणि हसला. रात्री मी यजमानांना आईचं सांगितलं. ते म्हणाले, "मग मला आधी का नाही सांगितलंस?" आणि थोड्या वेळानं, "मी त्या नारळाचं बोललो, ते मनात ठेवू नकोस."

सकाळी एकदा. ऐकायला किती सोपं! पहिले दिवस माझा हात दहादा पोत्याकडे गेला आणि मी दहादा मागं घेतला. ओसरीवर जायची, मूठ आवळायची, परत यायची. दुपारी तर जीव नुसता तळमळायचा. मग मी असं केलं की सकाळी दिवा लावून झाला की जखम बघायची, आणि बघून झालं की देवाला म्हणायचं, आता उद्या सकाळपर्यंत तू बघ. सुरुवातीला ते नुसते शब्दच होते. म्हणायचे आणि पाचव्या मिनिटाला पुन्हा काळजी करत बसायचं. पण रोज म्हणता म्हणता, कुठल्या तरी एका दुपारी, मी भाकऱ्या थापताना गुणगुणत होते हे माझ्याच लक्षात आलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की इतके दिवस मी देवापुढं काळजी ठेवत नव्हते, नुसती दाखवून परत घेऊन येत होते.

टाके सुटले, केस आले. चैत्रात यजमानांना सुट्टी मिळाली आणि आम्ही नवस फेडायला निघालो. वाटेत चाचांकडे थांबलो. त्यांनी तांबूला उताणं पाडून तपासलं, आणि "शाबास" म्हणाले ते तिला, मला नव्हे. निमगावच्या डोंगराच्या पायऱ्या उन्हानं तापल्या होत्या. अर्ध्यावर तांबूला धाप लागली आणि ती खाली बसली. लोक हसतील म्हणणाऱ्या माझ्या यजमानांनी पागोटं सारखं केलं, वाकून तिला दोन्ही हातांवर उचललं, आणि चढू लागले. वरून उतरणारे लोक खरंच हसत होते. एक म्हातारी म्हणाली, "देवाचंच कुत्रं घिऊन चाललाय जणू!" यजमान घामानं निथळत होते, पण त्यांनी तिला खाली ठेवलं नाही. देवापुढं मी हात जोडले. मागायला काही आठवेना. कितीतरी वेळ तशीच उभी होते. मागण्यावाचून देवापुढं उभी राहण्याची माझी ती पहिलीच वेळ.

दोन वर्षांनी दुसऱ्या अंगाला पुन्हा गाठ आली. हे मी लपवत नाही. तोवर तांबू म्हातारी झाली होती, तोंड पांढरं पडलं होतं. चाचांची दृष्टी अधू झाली होती, त्यांनी बोटांनी चाचपलं आणि म्हणाले, "आता नको कापायला. खातीय पितीय तोवर तिला तिच्या मनानं राहू दे." मी घाबरले नाही असं म्हणणार नाही. घाबरले. पण ती भीती मला ओसरीवरून नदीवर, नदीवरून घरात पळवत राहिली नाही. ती पुढचा सबंध हिवाळा जगली, उन्हाळाही काढला. एका सकाळी अंगणात उन्हाला पडली होती ती उठली नाही. आक्का, आबा, आम्ही दोघं, सगळ्यांनी मिळून नदीकाठच्या करंजाखाली खड्डा खणला. आबानं स्वतःच्या हातानं माती लोटली.

नंतर कुणी कुणी मला विचारलं, गाठ पुन्हा आलीच, मग नवसाचं काय फळ मिळालं? त्यांना काय सांगणार? बैलाचा नाल त्याच वळणाअलीकडे पडला, मुलगा लग्नाला गेला म्हणून दोन वर्षांत प्रथमच चाचा दुकानावर बसले, आणि बाटलीत औषध होतं. याला कुणी योग म्हणावं, कुणी काही म्हणावं. मी त्यावर वाद घालत नाही. मला एवढंच माहीत आहे की मी देवाच्या दारी निघाले होते आणि पोहोचले नव्हते, आणि तरी माझं गाऱ्हाणं ऐकलं गेलं होतं. त्या पडवीत, त्या फळीपाशी, एकानं बिस्मिल्ला म्हटलं, एकीनं येळकोट म्हटलं, आणि मी तर काहीच म्हटलं नव्हतं, फक्त आईचं नाव घेतलं होतं. तेवढं त्याला पुरलं.

चाचा आणि चाची आता नाहीत. ईदच्या दिवशी मी अजून दोघांच्या नावानं शेवया करते आणि शेजारच्यांना वाटते. कुणी विचारलं, कुणाच्या नावानं, तर सांगते, माझ्या माहेरच्या माणसांच्या.